सलग कापडाची गोधडी मधोमध फुगते, काठ लहरतात, टाके वाकडे दिसतात: उसवण्याआधी हे बघा

ठिगळांची गोधडी बरंच काही पोटात घालते. रंग इतके असतात की नजर एका जागी ठरत नाही, आणि शिवताना कापड कुठे जास्त झालंच तर चुणी ठिगळाखाली दाबून पुढे जाता येतं. वर एकच सलग कापड घेतलं की ही सोय संपली. मग कापडाची सपाटी आणि धावदोरा, एवढंच दिसतं. म्हणून ठिगळांच्या गोधड्या झकास करणाऱ्या बायकांचाही पहिली सलग गोधडी पुरी झाली की चेहरा उतरतो. महिनोन् महिने हाताने शिवलेलं, आणि शेवटी पलंगावर टाकल्यावर वाटतं, हे असं का दिसतंय?

माझ्याकडे दुरुस्तीला, किंवा नुसतंच "बघा ना काय झालंय" म्हणून येणाऱ्या गोधड्यांच्या तक्रारी त्याच त्याच असतात. दोष बहुतेक वेळा अंथरण्यात असतो आणि शिव्या खातात टाके. त्यामुळे उसवायची घाई करू नका.

आधी धुतलीत का?

कुणी फोटो पाठवून "बिघडली" म्हणालं की माझा पहिला प्रश्न हाच. उत्तर बहुधा "नाही" येतं.

शिवून नुकतीच हातावेगळी झालेली गोधडी अजून पुरी झालेली नसते. तिच्यावर खडूच्या रेषा असतात, मांडीवर घेऊन घेऊन पडलेल्या घड्या असतात, हाताचा घाम असतो. न धुतलेलं सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण शेकडा ३ ते ५ आटतं. गोधडीत ते आटलं की दोन टाक्यांमधला भाग किंचित आक्रसतो, सगळीकडे बारीक सुरकुती उमटते आणि टाक्यांचं लहानमोठं होणं तिच्यात बुडून जातं. जुन्या गोधडीचा जो चुरगळलेला मऊपणा आपल्याला आवडतो, तो यातूनच आलेला असतो. कापड आधी आटवून घेतलं असेल तर फरक कमी पडेल, पण पडेल.

मात्र धुण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्याने कापडाचा एखादा कोपरा जोरात घासून बघा. फडक्यावर रंग आला तर थांबा, त्याबद्दल खाली लिहिलंय.

धुवायचं ते बादलीत किंवा टबात, गार पाण्यात, सौम्य साबणाने. ब्रश नको, पिळणं नको. ओली गोधडी भलतीच जड होते. एका काठाला धरून उचलली की सगळं वजन त्या बाजूच्या टाक्यांवर येतं आणि दोरा तुटतो. खालून दोन्ही हात घालून उचला, जुन्या चादरीत गुंडाळून दाबा, पाणी चादरीला जाऊ द्या. मग गच्चीवर चटईवर आडवी पसरून, हाताने ओढून चौकोनी करा. चौकोनी झाली की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप लावा, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांना लावा. दोन्ही मापं सारखी आली की गोधडी सरळ. नाहीतर लांब भरणाऱ्या दोन कोपऱ्यांतून आत दाबा आणि उरलेले दोन बाहेर ओढा. ओलं कापड ऐकतं, वाळलेलं ऐकत नाही.

एवढ्यानंतरही तक्रार उरली तरच पुढे वाचा.

मधोमध फुगा

ही तक्रार सगळ्यांत जास्त. "ताई, पोळी फुगावी तशी मधोमध फुगलीय." हात ठेवला की खाली पोकळी लागते, दाबलं की फुगा बाजूला सरकतो, पण जात नाही.

आपल्याकडे गोधडी काठाकडून आत शिवत नेतात. चारी बाजूंनी एक फेरा, त्याच्या आत बोटभर अंतरावर दुसरा, असं करत मध्यावर संपवायचं. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, तीसुद्धा अशीच काठाकडून आत जाते. गोल रिंगमध्ये कापड धरून शिवणारे मात्र मध्यापासून सुरुवात करून बाहेर जातात. फरक नुसता रिवाजाचा नाही. सुई प्रत्येक टाक्याला वरचं कापड केसभर पुढे ढकलते. बाहेरून आत आलात तर ढकललेलं सगळं कापड मध्यावर गोळा होतं, आणि तिथून त्याला पळायला वाट नाही. मध्यापासून बाहेर गेलात तर ते काठाशी जाऊन पडतं, आणि काठ कापून सरळ करता येतो.

मग आजीची गोधडी का फुगत नव्हती? तिच्या गोधडीत वर-खाली आणि पोटात वर्षानुवर्षं धुतलेली लुगडी आणि धोतरं होती. त्यांच्यात ना खळ उरली होती ना आटायला जागा. मऊ सुती कापडाचे चार-सहा थर एकमेकांना धरून बसतात, सरकत नाहीत. शिवाय दोघी-तिघी बाजूंना बसून शिवायच्या, एकीचा हात शिवत असताना दुसरीचा कापड सारखं करत असायचा. आपण आता कोरं कॅम्ब्रिक, म्हणजे तलम सुती कापड, आणतो, आत फायबरची शीट घालतो, एकट्याने शिवतो आणि रीत मात्र आजीची वापरतो. रीत चुकीची नाही, ती या सामानासाठी बनलेली नाही.

फुगा कशाचा आहे हे ओळखायला चिमटी पुरते. गोधडी फरशीवर पसरा, एक काठ फरश्यांच्या सांध्यावर जुळवा, आणि फुग्याच्या माथ्यावर चिमूट धरा. चिमटीत फक्त वरचं कापड आलं तर वरचं जास्त झालंय, किंवा खालचं ताणलेलं होतं. सगळे थर एकदम वर आले तर मधल्या भागाचा काही दोष नाही, काठाचे फेरे कसून ओढले गेलेत आणि घेर आखडलाय.

परवा एक मुलगी आली होती. वर मोरपंखी कॅम्ब्रिक, खाली मांजरपाट, आत एक जुनं पांघरूण. फुगा चांगला दोन वीत रुंद. बसायच्या आधीच म्हणाली, "सगळं उसवते." मी चिमूट धरायला लावली, वरचं एकटं कापड आलं. मग गोधडी उलटी केली. खालचं मांजरपाट सपाट होतं, पण प्रत्येक टाक्याच्या दोन्ही टोकांना बारीक आडव्या सुरकुत्या होत्या, कापड आत ओढलं गेल्याच्या.

"हे खालचं अंथरलं कसं होतंस?"

"फरशीला चिकटपट्टीने. एकदम कडक ओढून."

"आणि पट्टी काढल्यावर?"

"जरा आखडलं. पण तोवर कच्चा दोरा घालून झाला होता."

फुगा शिवायला लागायच्या आधीच तयार झाला होता तो असा. खालचं कापड ताणून अंथरलं की मोकळं झाल्यावर ते मूळ मापावर येतं, वरचं मात्र तेवढंच राहतं. खालचं कापड सुरकुती जाईल इतकंच ओढायचं. चिकटपट्टीच्या जागी कडेने पाट, वरवंटा, डाळीचे डबे ठेवले तर जास्त ओढलं जाण्याची भीतीच नको.

उपाय फुग्याच्या आकारावर. तळहाताएवढा असेल तर उसवूच नका. आधीच्या दोन ओळींच्या बरोब्बर मध्ये आणखी एक ओळ घाला, मग पुढच्या दोहोंच्या मध्ये, असं फुग्याच्या कडेपासून मध्याकडे नाही तर मध्यापासून कडेकडे. प्रत्येक ओळ थोडं थोडं कापड खाते. मग त्या भागावर पाण्याचा हबका मारून, हाताने थापून, वर जड पुस्तकं ठेवून वाळू द्या. सुती असेल तर बराचसा बसतो.

फुगा मोठा असेल तर आतले फेरेच उसवा, काठाचे तसेच ठेवा. मोकळा झालेला भाग तळव्याने मध्यापासून चारी दिशांना सारत न्या, जास्तीचं कापड शेवटच्या शाबूत फेऱ्याशी सगळीकडे सारखं वाटा, मुठीएवढ्या अंतराने कच्चे टाके घाला आणि या खेपेला मध्यापासून बाहेर शिवत या. त्या मुलीची गोधडी अशीच बसली. निरखून पाहिलं तर आतल्या चौकोनात ओळींची दिशा बदललेली कळते. ती तिला नक्षीच वाटते आता, आणि मला त्यात काही हरकत दिसत नाही.

सगळे थर एकत्र उठत असतील तर बाहेरचे दोन-तीन फेरे उसवून सैल हाताने पुन्हा घाला. दोरा आवळलेला आहे का हे बघायला काठ दोन्ही हातांत धरून हलकेच लांबीत ओढा. कट् असा आवाज आला तर दोरा तुटायच्या बेतात आहे. अशी गोधडी दिसायला बरी असली तरी पहिल्या हिवाळ्यातच ओळीच्या ओळी सोडेल. प्रत्येक सुईभर टाके ओढून घेतल्यावर त्या ओळीवरून अंगठा फिरवायची सवय लावली तर हे होत नाही.

काठ लहरतात, मध्य सपाट

हा वरच्याचा उलटा प्रकार. मध्यभागी मोठं कमळ, त्याच्या पाकळ्यांत दाट ओळी, आणि कडेला हात दुखायला लागल्यावर चार-चार बोटांवर एखादी ओळ. दाट शिवलेला भाग आक्रसतो, विरळ भाग आहे तेवढा राहतो, मग तो लहरणारच. काठाला आणखी ओळी घालणं हाच इलाज. कंटाळा येतो, पण दुसरं काही चालत नाही. गोट, म्हणजे काठाची पट्टी, ताणून लावला की लहर जाईल अशी एक समजूत आहे. जात नाही, ती एक वीत आत सरकते.

साडी वापरली असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. साडीच्या काठाची वीण अंगापेक्षा दाट असते, त्यामुळे दोन्ही सारखे आटत नाहीत. काठ सलग ठेवून गोधडी केली की धुतल्यावर काठाच्या कडेने लाट येते. मी काठ आधीच फाडून काढते आणि शेवटी त्याचाच गोट करते. थानाच्या कोऱ्या कापडाची किनारही अशीच घट्ट असते, पन्हे, म्हणजे थानाच्या रुंदीचे तुकडे, जोडताना ती कापून टाका, नाहीतर जोडशिवण आखडते.

पन्ह्याचा विषय निघालाच आहे तर, बाजारातलं साधं सुती कापड ४४-४५ इंच पन्ह्याचं मिळतं आणि एकट्याच्या गोधडीला ६० इंच तरी रुंदी लागते. जोड देणं आलंच. तो मधोमध देऊ नका. एक पूर्ण पन्हा मध्ये ठेवा आणि दोन्ही बाजूंना सारख्या पट्ट्या जोडा, म्हणजे नजर जोडावर जात नाही. कापड कात्रीने कापण्यापेक्षा फाडून घ्या, आडवा धागा सरळ मिळतो. तिरपं कापलेलं कापड अंथरताना सरळ दिसतं आणि शिवून झाल्यावर एका कोपऱ्याकडे ओढ घेतं.

खालच्या बाजूला चुण्या

वरून सुरेख, उलटून बघितलं तर अस्तराला घडी पडून ती टाक्यांत अडकलेली. कच्चे टाके फार लांब घातल्याची ही खूण. मुठीपेक्षा जास्त अंतर ठेवू नका, आणि दर दोन-तीन ओळींनंतर हात खाली घालून चाचपडा. सापडली की तेवढ्याच वीतभर ओळी सोडून नीट करता येतात. सगळी शिवून झाल्यावर सापडलेली घडी अंगाला टोचणार असेल तरच सोडवा.

टाके लहानमोठे, खाली दिसतच नाहीत

टाके बारीक हवेत, हा हट्ट आधी सोडा. एकसारखे टाके गव्हाएवढे असले तरी गोधडी छान दिसते. तांदळाएवढे बारीक पण मध्येच एक बाजरीएवढा आणि एक वालाएवढा असला की डोळ्याला तोच खुपतो. कच्च्या हाताला आणखी एक आधार आहे, दोऱ्याचा रंग. कापडाच्याच रंगाचा दोरा घेतला तर वाकडेपणा निम्मा झाकला जातो. गडद कापडावर पांढरा दोरा फार उठून दिसतो आणि प्रत्येक टाका चुगली करतो. पहिल्याच सलग गोधडीला नीळ रंगावर पांढरा दोरा घेणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं, पण सल्ला मी तो देणार नाही.

टाके खालच्या बाजूला फार बारीक किंवा गायब असतील तर सुई तिरकी जातेय. ती उभी घालायची, खालच्या बोटाला टोक लागलं की लगेच वर वळवायची. त्यासाठी मधल्या बोटात अंगुस्तान हवंच. मोठी लाकडी रिंग वापरत असाल तर कापड तिच्यात सैल धरा, खाली बोटाने उचलता आलं पाहिजे. भरतकामासारखं ताणून धरलं की एका वेळी तीन-चार टाके सुईवर घेताच येत नाहीत. आणि रात्री रिंग काढून ठेवा, तिचा वळ पडतो.

सुईच जात नसेल, बोटं सुजत असतील, तर दोष कापडाचा आहे. महागडी, दाट विणीची चादर वर घेण्याचा मोह होतो, कारण ती जोड न देता पुरते. हाताने शिवायला तिच्याइतकं वाईट कापड नाही. टाके तिच्यात लहानमोठे होणारच, कारण प्रत्येक टाक्याला जोर वेगळा लागतो. मऊ खादी, कॅम्ब्रिक, मांजरपाट, जुनी सुती साडी, यांत सुई आपली आपण जाते. कोऱ्या कापडाची खळ गरम पाण्यात भिजवून काढा. सुई आखूड घ्या, लांब सुई जाड थरांत वाकते.

दोरा हातभर. त्याहून लांब घेतला की गुंतत जातो आणि दर वेळी नेढ्यापाशी घासून विरतो. मेणाच्या तुकड्यावरून ओढून घेतला तर गाठी कमी पडतात. जुन्या साडीवर चिवट पॉलिस्टरचा दोरा नको. ओढ बसली की दोरा टिकतो आणि साडी फाटते, आणि तुटलेला दोरा पुन्हा घालणं फाटलेलं कापड सांधण्यापेक्षा कितीतरी सोपं.

"नक्षी उठतच नाही"

या तक्रारीत अर्धा दोष अपेक्षेचा असतो. मोबाइलवर पांढऱ्याशुभ्र, एकरंगी, फुलापानांनी उठावदार भरलेल्या रजया बघायच्या आणि लुगड्यांच्या गोधडीकडून तसंच मागायचं. त्या रजया वेगळ्या घरच्या. इटलीत सिसिलीमध्ये चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात केलेली, ट्रिस्टन या मध्ययुगीन युरोपी कथानायकाची चित्रं असलेली एक रजई लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. तिच्यातल्या आकृत्या उठून दिसतात कारण त्या आकृत्यांच्या पोटात वेगळं भरण कोंबलेलं आहे. वेल्समधल्या रजयांत लोकर असते. आपल्या गोधडीत कापडावर कापड, मध्ये हवा नाही. तिथे उठाव कशाचा येणार? तिथे ओळ दिसते, आणि ती सरळ आणि सारखी असली तर ओळच देखणी दिसते. म्हणून लुगड्यांच्या गोधडीला फेरे, चौकटी, शंकरपाळी, लाटा घ्या. मोरपिसं आणि द्राक्षाचे वेल नकोत.

उठाव हवाच असेल तर पोटात पिंजलेला कापूस किंवा वॉडिंग, म्हणजे कापसाची तयार शीट, घाला. सुटा पिंजलेला कापूस असेल तर दोन ओळींत एक-दीड इंचापेक्षा जास्त अंतर ठेवू नका, नाहीतर धुतल्यावर तो कोपऱ्यात गोळा होतो. आणि फूल उठवायचं तर फुलात शिवू नका, फुलाच्या भोवती शिवा. भोवतालची जमीन पाव इंचावर दाट ओळींनी दाबली की मोकळं सोडलेलं फूल आपोआप वर येतं. बहुतेक जणी नेमकं उलटं करतात. हौसेने पाकळ्या भरतात, भोवताल रिकामा ठेवतात, आणि फूल खड्ड्यात जातं. झालं असेल तर उसवायची गरज नाही, भोवताली तेवढ्याच दाट ओळी घालून पाकळ्यांशी बरोबरी करा.

एक साधी गोष्ट राहते. वरून ट्यूबलाइट असेल तर कुठलीच सलग रजई उठत नाही. पडदा बाजूला करून खिडकीचा तिरपा उजेड अंगावर पडू द्या, किंवा रात्री फरशीवर बॅटरी आडवी ठेवून बघा. नक्षी आहे की नाही ते तेव्हा कळतं. दोषही तेव्हाच कळतात, त्यामुळे तपासणीलाही हाच उजेड वापरा.

आखणी वाकडी आली म्हणून खट्टू होणाऱ्यांसाठी सांगते, की आखणे हे शिवण्यापेक्षा निराळंच काम आहे. इंग्लंडमध्ये नॉर्थम्बरलंडच्या ॲलनहेड्स गावात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रजईच्या कापडावर निळ्या पेन्सिलीने नक्षी काढून देणं हा पोटापाण्याचा धंदा होता. जॉर्ज गार्डिनर आणि त्याच्याकडे शिकलेली एलिझाबेथ सँडरसन यांची नावं आजही घेतली जातात. बायका आखलेलं कापड विकत घ्यायच्या आणि घरी शिवायच्या. तुम्हीही चित्र काढणाऱ्या भाचीला हाताशी धरा. सरळ रेषांसाठी गवंडी मारतात तसं सूत मारा, दोऱ्याला खडू चोळायचा, दोन टोकांना धरायचा आणि मध्ये उचलून सोडायचा.

रेषा, रंग, तंतू

अंगाच्या साबणाची वाळलेली चिपटी ही आखायला सगळ्यांत निर्धोक, गडद कापडावर तर उत्तमच. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनवर इस्त्री फिरवू नका, रेषा पक्की होते. आधी नुसत्या गार पाण्यात भिजवा, मग साबण. इस्त्रीने उडणाऱ्या पेनची रेषा कडाक्याच्या थंडीत परत उमटू शकते, परदेशात राहणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं. शिसपेन्सिल गडद चालवली असेल तर ती पूर्ण जाईलच असं सांगत नाही.

लाल, मरून, गडद निळा आणि काळा हे रंग सोडणारे. मीठ आणि व्हिनेगर घालून रंग पक्का होतो असं घरोघर सांगतात. आजच्या सुती कापडाच्या रंगांना त्याचा भरवसा नाही. शिवायच्या आधी गरम पाण्यात वेगवेगळं भिजवून, पाणी नितळ येईपर्यंत धुणं हाच खरा उपाय. शिवलेल्या गोधडीत रंग उतरलाच तर ती वाळू देऊ नका आणि इस्त्री अजिबात नको. ओली आहे तोवर भरपूर गरम पाण्यात साबण घालून बुडवून ठेवा, पाणी रंगलं की बदला, पुन्हा बुडवा.

फायबरची शीट आत असेल आणि वर पांढरे तंतू निघत असतील तर ओढू नका. एक ओढलात की मागून दुसरा येतो. कात्रीने कापडाच्या अंगालगत कापा.

उसवायचं किती?

गोधडी पलंगावर टाका आणि पायथ्याशी उभ्या राहा. तिथून जे दिसत नाही त्यासाठी उसवू नका. तिथून दिसतंय पण अंगावर घेतल्यावर जाणवत नाही, त्यासाठीही शक्यतो नको. पायाचं बोट अडकेल इतका लांब टाका, आवळून तुटायला आलेली ओळ, टोचणारी घडी, रंगाचा मोठा डाग, एवढ्यासाठी जरूर हात घाला.

उसवताना खालच्या बाजूने दर तिसरा-चौथा टाका कापा आणि वरून दोरा ओढून घ्या, सरसर निघतो. टाक्याटाक्याला सुईने उचकत बसलात तर कापड ओरबाडतं. भोकं राहिली तर ओल्या बोटाच्या नखाने दोन्ही दिशांना घासा. मऊ सुती कापडात ती मिटतात. दाट विणीच्या चादरीत आणि चकचकीत कापडात मिटत नाहीत, तिथे उसवण्याआधी दहादा विचार करा.

फारच बिनसलं असेल तर दोन वाटा आहेत. एक, चांगला भाग काढून बाळाचं दुपटं करा, ३६ बाय ४५ इंच पुष्कळ झालं. पण थेट कात्री लावू नका, हातटाके कापलेल्या कडेपासून उसवत जातात. कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना मशीनने एकेक शिवण मारा आणि मधून कापा. दुसरी वाट गावाकडची. फसलेली गोधडी पुढच्या गोधडीच्या पोटात घालायची. वर-खाली मऊ साडी, ओळी दोन-तीन बोटांवर, सुई जरा मोठी. आतले फुगे-चुण्या नव्या थरांखाली दबून जातात आणि ऊब दुप्पट मिळते. त्यासाठी हिच्यातली अडकलेली मोठी घडी मात्र आधी सोडवा, नाहीतर ती वर उमटते.

आणि पुढची सुरू करण्याआधी नमुना करा. तेच कापड, तेच भरण, तोच दोरा घेऊन १२ इंचांचा चौकोन अंथरा, शिवा, धुवा, वाळवा, आणि पट्टीने मोजा. तो साडेअकरा भरला तर ९० इंच लांबीच्या गोधडीसाठी ९४ इंच कापड धरा, शिवाय काठाला कापायला चारी बाजूंनी दोन-दोन इंच वर.